मॅडमच्या घरचं रक्त

१

रिपोर्ट दोन होते आणि माणूस एकच. दादानं ते दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि कोपरे बोटानं दाबून धरले, जणू सोडले तर उडून जातील.

"मंगळवारी बाबांचं पोटॅशियम तीन पूर्णांक नऊ," तो म्हणाला. "गुरुवारी सकाळी आठ पूर्णांक दोन. मंगळवारी ठणठणीत, गुरुवारी गेले. यातला एक रिपोर्ट खोटा आहे, धाकटे. आणि दोन्ही तुझ्याच लॅबमधले आहेत."

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. वयानं पंचेचाळिशी गाठली, हॉस्पिटलच्या लॅबची मुख्य डॉक्टर झाली, चष्म्याला दुहेरी भिंगं आली, तरी घरात ती धाकटीच राहिली. लॅबमध्ये मात्र मॅडम. दादाचा प्रश्न मॅडमला होता, पण तो घुसला धाकटीच्या काळजात.

गुरुवारचा रिपोर्ट खोटा नव्हता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पोटॅशियम साडेतीन ते पाच असलं की हृदय गुमान आपलं काम करतं. सहाच्या वर गेलं की ताल चुकायला लागतो, आणि आठाला तालच उरत नाही. इमर्जन्सीत बाबांच्या ईसीजीच्या पट्टीवरच्या त्या रुंद, आळसट लाटा तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. म्हणजे खोटा होता तो मंगळवारचा. बाबांची मूत्रपिंडं काही वर्षांपासून हळूहळू संपावर गेली होती. त्यांचं पोटॅशियम कायम साडेपाचच्या आसपास लोंबकळत असायचं. तीन पूर्णांक नऊ हा आकडा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"मी मोठ्या डॉक्टरांशी बोललोय," दादा म्हणाला. मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. "घरी येऊन रक्त काढून नेलं ना, तो नवा माणूस. त्याला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगणार आहेत."

"आधी मला बघू दे काय झालं ते."

"बघ की. सोमवारपर्यंत बघ." दादानं कागद गोळा केले. "पण आपल्या बापाला कुणी मारलं, हे मला कळलंच पाहिजे."

धाकटीच्या फोनमधली एक गोष्ट दादाला माहीत नव्हती. मंगळवारी तो आकडा बघून हरखलेल्या धाकटीनं बाबांना फोन केला होता. "बाबा, आज तुम्ही पहिल्या नंबरानं पास," ती म्हणाली होती. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग बाबांनी विचारलं, "म्हणजे आता दवाखान्यात भरती नाही ना करणार?" ती म्हणाली, मुळीच नाही. "मग एखादं केळं खाऊ?" केळ्यात पोटॅशियम ठासून भरलेलं, म्हणून वर्षानुवर्षं घरात केळं येत नव्हतं.

"एखादं काय, दोन खा," असं ती म्हणाली होती.

२

लॅबमध्ये मोठ्या बाई कमरेवर हात ठेवून तिची वाटच बघत होत्या. मोठ्या बाई म्हणजे सगळ्यांत जुन्या टेक्निशियन. सोडियम-पोटॅशियमचं मशीन आलं त्या दिवसापासून ते त्यांच्याच हाताखाली होतं, आणि दुसऱ्या कुणी त्याच्यावर नुसता कोपर टेकला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"मॅडम, मशीनला नाव ठेवायचं असेल तर आधी मला ठेवा," त्या म्हणाल्या.

"नाव नाही ठेवत, बाई. पण बघावं तर लागेल."

मशीन तसं साधंच. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं, त्यातला थेंबभर ते पितं. आत दोन बारीक इलेक्ट्रोड, एक सोडियमला ओळखणारा, दुसरा पोटॅशियमला. मिनिटभरात आकडा हजर. बाबांना या यंत्राचं भारी कौतुक. त्यांनी जन्मभर दुकानांचे वजनकाटे दुरुस्त केले होते. एकदा लॅबमध्ये आले तेव्हा त्यांनी विचारलंच, "तुझ्या या काट्याची परीक्षा कोण घेतं गं?" ती म्हणाली, रोज सकाळी आम्ही त्याला आकडा आधीच माहीत असलेलं पाणी पाजतो, तोच आकडा त्यानं सांगितला तरच कामाला लावतो. बाबा खूश झाले होते. दुकानदारांना एवढी अक्कल असती तर मी उपाशी मेलो असतो, असं म्हणाले होते.

मंगळवारीही मशीन त्या परीक्षेत पास झालं होतं. धाकटीनं तरी फ्रिज उघडला. प्रत्येक ट्यूब लॅबमध्ये आठवडाभर ठेवायची पद्धत होती, त्यामुळे मंगळवारची ती ट्यूब जागेवरच होती. तिच्यावर मोठ्या बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'मॅडमच्या घरचं'. डॉक्टरांच्या घरच्या रक्ताची ना नोंदणी, ना नंबर, ना नाव. तो एक मान असायचा आणि तिनंही तो कधी नाकारला नव्हता.

त्यांनी तीच ट्यूब पुन्हा मशीनला दिली. सोडियम एकशेअडतीस. पोटॅशियम तीन पूर्णांक नऊ.

"बघा," मोठ्या बाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. बाबांना त्याही ओळखत होत्या.

धाकटी खुर्चीत बसली आणि विचार करू लागली. पोटॅशियमच्या बाबतीत लॅबमध्ये होणाऱ्या बहुतेक चुका आकडा वाढवणाऱ्या. ट्यूब खळखळून हलवली, रक्तपेशी फुटल्या, की पेशींच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा फुगतो. रक्त वेगळं न करता तसंच गारठ्यात ठेवलं तरी फुगतो. आकडा कमी दाखवायचा तर सलाइन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढायला हवं, आणि घरी पेपर वाचत बसलेल्या बाबांना कुठलं आलंय सलाइन.

म्हणजे मशीन खरं होतं. मोठ्या बाईही खऱ्या होत्या. ट्यूबमधलं रक्त खरोखरच निरोगी होतं.

३

नवा माणूस लॅबबाहेरच्या बाकावर मांडीवर बॅग घेऊन बसला होता. नवा म्हणायचं ते नोकरीला नवा म्हणून, एरवी चाळिशी कधीच उलटलेली. त्याची आधीची नोकरी कारखान्याबरोबरच बुडाली होती, आणि मग या वयात त्यानं रक्त काढायचं शिक्षण घेतलं होतं. धाकटीच्या आईबाबांकडे नेहमी जुने रक्तवाले जायचे. त्यांना सगळे 'हलका हात' म्हणत. ते मुलीच्या बाळंतपणासाठी सुटीवर होते, म्हणून त्या मंगळवारी हा गेला होता.

"मॅडम, बॅग परत करायला आलोय," तो म्हणाला. "मोजून घ्या."

"बस जरा. त्या दिवशी काय काय झालं ते सांग."

"झालं काहीच नाही. मोठ्या बाईंनी पत्ता दिला, मॅडमच्या घरचं आहे, नीट काढ म्हणाल्या. मी बेल वाजवली. आत गेलो. पेशंटनं खुर्चीत बसून हात पुढे केला. मी रक्त काढलं, कापूस दिला, निघालो." त्यानं मान वर केली. "पहिल्याच टोचणीत मिळालं, मॅडम. मला तुमच्या घरी जायची धास्ती होती, पण शीर अशी छान होती की विचारू नका."

बाबांच्या हातांना शिराच उरल्या नव्हत्या. हलका हातसुद्धा तीन-तीनदा टोचून, दोन्ही हात चाचपून, घाम पुसून मग चमचाभर रक्त मिळवायचे. बाबा तोंडानं कण्हायचे नाहीत, पण नंतर दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. आणि टोचलं की त्यांच्या पातळ कातडीखाली बोटाएवढा निळा डाग उठायचा, तो चांगला पंधरवडाभर जायचा नाही.

गुरुवारी इमर्जन्सीत तिनं बाबांचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले होते. तिथल्या नर्सला शीर सापडली नाही, म्हणून रक्त शेवटी जांघेतून घेतलं. त्या हातांवर जुने, पिवळे पडलेले डाग होते. नवा निळा डाग एकही नव्हता.

या माणसानं बाबांना सुई लावलीच नव्हती.

आणि असं करणारे लोक असतात, हेही ती जाणून होती. शीर सापडत नाही, साहेबाच्या घरी नाचक्की होईल, या भीतीनं जिन्यात बसून स्वतःच्या हातातून ट्यूब भरून नेणारे. तिनं समोरच्या माणसाच्या हातांकडे पाहिलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली.

"मी काही चुकीचं केलं असेल तर सांगा मॅडम," तो म्हणाला. "पण मला माझी चूक कळू द्या. घरी दोघी मुली विचारतात, बाबा तुम्ही काय केलंत."

बॅग घेऊन जा, सोमवारी बघू, एवढंच ती म्हणाली.

४

संध्याकाळी ती दादाकडे, आईबाबांच्या घरी गेली. तो गाडीचं बॉनेट उघडून उगाचच आत काहीतरी बघत उभा होता.

"बाबांची पावडर तूच द्यायचास ना रोज?" तिनं विचारलं. पोटॅशियमला पोटातल्या पोटात धरून ठेवणारी ती पावडर. चवीला वाळूसारखी, म्हणून बाबा ती फक्त दादाच्या धाकानं घेत.

"म्हणजे आता माझी चौकशी?"

"सगळ्यांचीच करतेय. माझीही."

दादानं बॉनेट बंद केलं. बराच वेळ तो हात पुसत राहिला. "मंगळवारी सकाळी दिली आणि मग मी कामाला गेलो. तो रक्तवाला नंतर आला. बुधवारी त्यांनी घेतली नाही. म्हणाले, धाकटीचा फोन आला होता, रिपोर्ट एकदम छान आहे, आता कशाला ही वाळू. मी पण म्हटलं, जाऊ दे, एक दिवस सुख घेऊ दे बिचाऱ्याला." त्याचा आवाज फुटला. "केळी आणवली त्यांनी माझ्याकडून. अख्खा डझन. मी आणून दिली गं. बुधवारी दिवसभर खात होते. मला काय माहीत?"

एवढा मोठा दादा, पण खाली मान घालून तो शाळकरी मुलासारखा रडला. धाकटीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. केळी खायची परवानगी कुणी दिली, ते सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण धीर झाला नाही.

५

रविवारी लॅब अर्धी झोपलेली असते. धाकटीनं मोठ्या बाईंना बोलावून घेतलं आणि ती ट्यूब पुन्हा काढली.

"क्रिएटिनीन लावा, बाई."

मोठ्या बाई थबकल्या. इतके दिवस हे कुणालाच सुचलं नव्हतं. क्रिएटिनीन हा स्नायूंचा कचरा, मूत्रपिंडं चालत नसली की तो रक्तात साचतो. बाबांचं सहाच्या खाली कधी उतरत नव्हतं. मंगळवारी फक्त सोडियम-पोटॅशियमच करायचं होतं, म्हणून ते कुणी पाहिलंच नव्हतं.

आकडा आला. शून्य पूर्णांक आठ.

"हे बाबांचं रक्त नाही," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "मॅडम, माझ्या हातून ट्यूब बदलली का हो?"

"तसं असेल तर बाबांचं रक्त दुसऱ्या कुणाच्या तरी ट्यूबमध्ये सापडेल."

मंगळवारच्या ट्यूबांचं अख्खं स्टँड त्यांनी बाहेर काढलं. एकेक ट्यूब मशीनला दिली, एकेकीचं क्रिएटिनीन केलं. दुपार उलटून गेली. बाबांसारखं रक्त एकाही ट्यूबमध्ये नव्हतं. मोठ्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला, कारण त्या सुटल्या होत्या. धाकटी मात्र आणखी अडकली. बाबांचं रक्त त्या दिवशी लॅबमध्ये आलंच नव्हतं.

मग हे कुणाचं? नव्या माणसाचं स्वतःचं?

तिनं ती ट्यूब उजेडात धरली. थोडंसंच पिवळं पाणी उरलं होतं, एखाद्या तपासणीपुरतं. बायकांची पाळी कायमची थांबली की रक्तात एक हार्मोन कैकपटींनी वाढतं. पुरुषाच्या रक्तात ते जेमतेम असतं. ती तपासणी तिनं कुणाला न सांगता स्वतःच्या हातानं लावली.

मशीन चालू होतं तोवर ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. पुरुषाचा आकडा यावा, असं तिला मनापासून वाटत होतं. त्या दोन मुलींच्या बापानं लबाडी केलेली असावी, असं. आपण काय मागतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

आकडा आला तो सत्तरच्या वरचा. रक्त म्हाताऱ्या बाईचं होतं.

मंगळवारी सकाळी दादा कामावर गेल्यावर त्या घरात दोनच माणसं उरली होती.

६

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. भांडी घासूनपुसून जागच्या जागी, ओटा कोरडा. बाबा गेल्यापासून ती सतत काहीतरी आवरत होती.

"ये गं. जेवलीस का?"

"जेवले," धाकटी खोटंच म्हणाली आणि समोर बसली. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना. शेवटी तिनं सरळच विचारलं. "आई, त्या मंगळवारी रक्त कुणी दिलं?"

"मी," आई म्हणाली. एवढं सहज, की धाकटी बघतच राहिली.

"तू?"

"अगं, सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. म्हणाले, आज नको गं सुई, हात बघ माझे काय झालेत. आणि तू मागे म्हणाली होतीस ना, आता वाढलं तर भरती करणार म्हणून? त्याचा त्यांनी फार धसका घेतला होता." आईनं एक देठ मोडला. "मग मी म्हटलं, एवढंच ना? माझं देऊ या. मीठच तर मोजायचं असतं ना तुमच्यात? त्यांचं मीठ बंद झालं त्या दिवसापासून मी तरी कुठं चिमूटभर खाल्लंय. एकाच पातेल्यातलं जेवतो दोघं. त्यांच्या रक्तात आणि माझ्या रक्तात मीठ वेगळं असेल कसं?"

घास एकच असला तरी तो शरीरात गेल्यावर जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकायला धडधाकट मूत्रपिंडं लागतात, आणि ती आईला होती, बाबांना नव्हती. एवढी साधी गोष्ट. घरात लॅबची डॉक्टर असून हे आईला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. हे खा, ते खाऊ नका, एवढंच तिनं वर्षानुवर्षं सांगितलं होतं.

"बाबा काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, बरोबर आहे तुझं, तूच दे. तो माणूस आला, मी हात पुढे केला. त्यानंही काही विचारलं नाही. हे तिथंच पेपर वाचत बसले होते."

फोनवरची ती क्षणभराची शांतता धाकटीला आता कळली. आईनं भाबडेपणानं हात दिला होता. पण जन्मभर काटे तपासणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं वजन आपल्या पारड्यात टाकलं की काय होतं, हे ठाऊक नसेल? रिपोर्ट आपला नाही, हे जाणूनच त्यांनी केळं मागितलं होतं. त्यांना दवाखान्यात यायचं नव्हतं. आईजवळ राहायचं होतं. त्याची एवढी किंमत पडेल, हे मात्र त्यांनाही वाटलं नसावं.

आईचे हात थांबले. तिनं लेकीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"का गं?" तिनं विचारलं. "माझं काही चुकलं का?"

७

सांगितलं तर आई उरलेले दिवस कशी काढेल, हे धाकटीला समोर दिसत होतं. या स्वयंपाकघरात, एकटी, एकेक भांडं पुसत.

"नाही आई," ती म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही. मी सहज विचारलं."

घराबाहेर आल्यावर तिनं दोन फोन केले. पहिला मोठ्या डॉक्टरांना. चूक लॅबच्या मुख्य डॉक्टरची आहे, तसं मी लिहून देते, त्या माणसाला कामावरून काढायचं नाही. दुसरा फोन त्या नव्या माणसाला.

"उद्या ये कामावर. आणि यापुढे राजाच्या घरी रक्त काढायला गेलास तरी आधी नाव विचार."

"मॅडम, मला वाटलं आईंचंच काढायचंय. त्यांनीच तर हात..." आणि मग त्याला काय ते उमगलं असावं, कारण त्याचा श्वास अडकल्याचं तिला ऐकू आलं.

"एवढं कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली.

"माझ्या तोंडून नाही जायचं, मॅडम."

दादा आला तेव्हा ती दारातल्या पायरीवर बसली होती. तो उभ्यानंच म्हणाला, "सापडला?"

"सापडला. घरच्या ट्यूबवर नाव घालायची शिस्त मी लॅबला कधी लावली नाही. त्यामुळे दुसऱ्याच कुणाचं रक्त बाबांचं म्हणून मी वाचलं. वाचून फोन मीच केला. केळी खा म्हणाले, तेही मीच." यात एकही शब्द खोटा नव्हता. "मशीन नाही, मोठ्या बाई नाहीत, तो माणूसही नाही. मी."

दादाचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल. "आणि मी केळी आणली म्हणून इतके दिवस जळतोय," तो म्हणाला. "तू माझ्या पाठीवर हात ठेवलास परवा. सगळं माहीत असून." तो दाराकडे वळला. "मला तुझं तोंड बघायचं नाही."

तो आत गेला. आत त्याचा आवाज चढलेला तिला ऐकू आला, धाकटी, लॅब, केळी असे तुटक शब्द, आणि मग आईचा हळू, समजावणीचा सूर. मग दादा बाहेर आला, तिच्याकडे न बघता गाडीत बसला आणि निघून गेला. भाऊ परत कधी बोलेल, बोलेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं आई आली. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत ती पायरीवर तिच्या शेजारी बसली. तिनं लेकीचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं.

"तो रागात आहे. निवळेल," आई म्हणाली. "माणसाच्या हातून होतं गं. तू काय मुद्दाम केलंस? त्यांच्यावर तुझा जीव किती होता, मला माहीत नाही का?" तिचा खरखरीत हात धाकटीच्या केसांतून फिरत होता. "इतकी खचू नकोस. ते असते तर त्यांनी एका शब्दानं तुला काही म्हटलं नसतं. आणि मी तर तुझी आई. इकडे बघ. माझ्याकडे बघ. मी तुला माफ केलं."

बाबा गेल्यापासून धाकटी रडली नव्हती. आता तिला रडू आवरेना.

"हो, आई," ती म्हणाली.